छत्तिसाव्या फोटोनंतर : वऱ्हाडातील रोल, रिवाइंड आणि न उरलेली छायाचित्रे

मराठी माणसाच्या छायाचित्रणाचा इतिहास बहुधा पहिलेपणाच्या मानापासून सुरू होतो. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिच्या आरंभीच्या मंडळींत होते, हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत नामांकित स्टुडिओ चालवला. पुढे सावे दादा भाटवडेकरांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनवरची कुस्ती चलच्चित्रात टिपली. हे सगळे खरे आहे आणि सांगण्याजोगेही आहे. पण या इतिहासात निघालेल्या फोटोंचीच गणना होते. निघालेला आणि तरीही न उरलेला फोटो त्यात कुठेच येत नाही. अमरावती-अकोल्याकडच्या घरांतले जुने अल्बम चाळताना मात्र ही उणीव सारखी बोचते. हळदीचे बारा फोटो आहेत, वरातीचे आहेत, आणि मधल्या अंतरपाटाचा, मंगलाष्टकांचा एकही नाही. विचारले की घरातले वडीलधारे एवढेच म्हणतात, "रोल जळला होता." किंवा वऱ्हाडी ठसक्यात, "रोल अटकला न् गेलं सारं."

रोल अडकतो म्हणजे नेमके काय होते, आणि जळतो म्हणजे काय होते, हे दोन प्रश्न वरवर पाहता दुरुस्तीवाल्याचे आहेत. ते इतिहासाचेही आहेत, असा या लेखाचा दावा आहे. हाताने चालवायच्या कॅमेऱ्यात छत्तिसावा फोटो काढून झाल्यावर फिल्म पुन्हा तिच्या डबीत उलटी गुंडाळून घ्यायची, या दोन मिनिटांच्या कृतीत वऱ्हाडातल्या कितीतरी घरांची एका पिढीची दृश्य-स्मृती सापडली किंवा हरवली. ही कृती आपल्याकडे कुठून आली, आधीच्या सवयींशी तिचा झगडा का झाला, आणि आज हाती उरलेल्या निगेटिव्हवरून तो झगडा कसा वाचता येतो, हे पाहू.

आधी गुंडाळण्याची गोष्ट. काचेच्या प्लेटच्या काळात गुंडाळणे नव्हतेच. एक प्लेट, एक फोटो. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचे दिवस आले, आणि त्याच दशकात भुसावळहून अकोला-बडनेरा मार्गे आगगाडी नागपूरला पोचली. मुंबईचा माल, मग तो कापड असो की काच, त्या रुळांवरून इकडे येऊ लागला. १८९७ साली अमरावतीला राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा जगात गुंडाळीची फिल्म येऊन जेमतेम दहा वर्षे होत होती. ईस्टमनचा पहिला कोडॅक १८८८ चा. त्यात शंभर फोटोंची गुंडाळी असे आणि ती संपली की अख्खा कॅमेराच कारखान्याकडे पाठवावा लागे. गिऱ्हाइकाने फिल्मला हातच लावायचा नाही, असा तो कारभार होता. फिल्म अडकण्याची चिंता कारखान्याने स्वतःच्या डोक्यावर घेतली होती.

सामान्य माणसाच्या हाती फिल्म आली ती ब्राउनी कॅमेऱ्याबरोबर, १९०० नंतर. १९०१ मध्ये कोडॅकने क्रमांक दोनच्या ब्राउनीसाठी जी रुंद गुंडाळी काढली, तिलाच पुढे १२० नंबरचा रोल म्हणू लागले. तिची रचना समजून घेतली पाहिजे, कारण आपल्याकडच्या पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे मूळ त्या रचनेत आहे. फिल्मच्या पाठीला काळ्या कागदाचे अस्तर असते आणि त्या कागदावर अंक छापलेले असतात. कॅमेऱ्याच्या पाठीवर लाल काचेची बारीक खिडकी असते. चावी फिरवत राहायचे. खिडकीत १ दिसला की थांबायचे, फोटो घ्यायचा. पुन्हा फिरवायचे, २ दिसेपर्यंत. बारा फोटो झाले की तसेच पुढे फिरवत राहायचे. मग कागदाचे शेपूट सुटते, सगळा रोल दुसऱ्या फिरकीवर जातो, कागदच फिल्मला उजेडापासून झाकतो. झाकण उघडायचे, शेपटाला लावलेली डिंकाची पट्टी ओलवून चिकटवायची, आणि रोल धुवायला टाकायचा. रिकामी झालेली फिरकी उचलून पलीकडच्या खाचेत बसवली की कॅमेरा पुढच्या रोलला तयार. या सगळ्या व्यवहारात मागे जाणे नाही. फिल्म एकाच दिशेने चालते, नदीसारखी.

वऱ्हाडाच्या शेजारी, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात, याच जातीच्या रोलवर आपल्या इतिहासाचा एक मोठा ठेवा निर्माण झाला. गांधीजींचे पुतणनातू कनू गांधी तिथे आश्रमातले काम पाहत. विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांनी त्यांना फोटोग्राफीकडे वळवले, घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा व रोल घेतला गेला. गांधीजींनी तीन अटी घातल्या : फ्लॅश वापरायचा नाही, मला पोज द्यायला सांगायचे नाही, आणि आश्रम याचा खर्च करणार नाही. कनू गांधींच्या त्या चौकोनी फोटोंकडे आज कलादृष्टीने पाहिले जाते. तिसऱ्या अटीकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. रोलमागे बारा फोटो, आणि प्रत्येक रोलचे पैसे बाहेरून आणायचे. पण दोन खिळांत पुढे पुढे जाणाऱ्या त्या यंत्राची एक कृपा होती : शेवटचा फोटो घेतल्यावर काम संपे, नवे संकट सुरू होत नसे.

संकट आले ते सिनेमाकडून. थॉमस एडिसनच्या कारखान्यात डिक्सनने सत्तर मिलिमीटरची ईस्टमन फिल्म मधोमध चिरून पस्तीस मिलिमीटरची केली आणि दोन्ही काठांना भोके पाडली, प्रत्येक चित्राला दोन्हीकडे चार-चार. दात असलेल्या चाकाने ती ओढायची. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून जो सरंजाम आणला, त्यात विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर फिल्मला भोके पाडण्याचे यंत्रही होते, हे 'राजा हरिश्चंद्र'च्या कथेत ओघाने सांगितले जाते. पण भोक हा त्या सगळ्या धंद्याचा पाया होता. ऑस्कर बार्नाक या जर्मन कारागिराने हीच सिनेमाची फिल्म आडवी चालवली, चौकट दुप्पट केली (२४ बाय ३६ मिलिमीटर, आठ भोकांची), आणि १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका बाजारात आला. तळहातावर मावणारा कॅमेरा, एका भरणीत छत्तीस फोटो.

पण सिनेमाच्या फिल्मला कागदाचे अस्तर नसते. ती उघडी असते. म्हणून तिला उजेड-बंद डबी लागते. डबीच्या तोंडाशी काळ्या मखमलीच्या दोन पट्ट्या, त्यांच्यामधून फिल्मची जीभ बाहेर. १९३४ मध्ये कोडॅकने रेटिना कॅमेऱ्याबरोबर तयार भरलेली अशी डबी काढली, तीच आपली '१३५'. फोटो घेत गेले की फिल्म डबीतून निघून पलीकडच्या उघड्या फिरकीवर गुंडाळली जाते. छत्तिसावा फोटो झाला की ती सगळी, साधारण एक मीटर साठ सेंटिमीटर, उघडी पडलेली असते. झाकण उघडले की संपले. म्हणून ती डबीत परत न्यायची. रिवाइंड या क्रियेचा जन्म असा अडचणीतून झाला आहे. खुद्द जर्मनीत काहींना ही अडचण इतकी खुपली की आग्फाने १९३६ साली डबीतून डबीत जाणारी 'कारात' पद्धत काढली, म्हणजे मागे यायचेच नाही. ती फार चालली नाही. बाजार कोडॅकच्या डबीचा झाला आणि जगभरच्या बोटांना उलटे फिरवणे शिकावे लागले. (त्याच १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या खेळांची प्रात्यक्षिके दाखवत होते. अमरावतीचा आणि त्या जर्मनीचा संबंध आपण एरवी कबड्डीपुरताच सांगतो.)

आपल्याकडे ही डबी घराघरांत पोचायला चाळीसेक वर्षे लागली. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई, कॅमेऱ्यांवर आयातीचे निर्बंध आणि जबर जकात. या अवकाशात वाढली ती बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेल्या आग्फाची पिढी : क्लिक थ्री आणि आयसोली. क्लिक थ्रीत १२० च्या रोलवर बारा फोटो, आयसोलीत सोळा. शाळेच्या सहली, चिखलदऱ्याची भटकंती, शेगावची वारी, सगळे त्यातच. स्टुडिओवाल्यांकडे यशिका मॅटसारखे दोन भिंगांचे कॅमेरे, तेही १२० चे. म्हणजे अमरावतीच्या राजकमल चौकातला व्यावसायिक असो की अकोल्याच्या जठारपेठेतला हौशी, दोघांच्या बोटांना एकच धडा पक्का बसला होता : संपले की पुढे फिरव, आणि उघड.

मग पस्तीस मिलिमीटर आले. सोव्हिएत झेनिट, पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा प्राक्टिका, हे रुपयातल्या व्यापारामुळे आवाक्यात होते. नंतर पेंटॅक्स के १०००, आणखी नंतर यशिका एमएफ-टू आणि निकॉनचा एफएम १०. फिल्मसुद्धा तशीच : पूर्व जर्मनीची ओर्वो, आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू'. छत्तीस फोटोंचा रोल हा लग्नवाल्यासाठी वरदान होता. दर बारा फोटोंनी रोल बदलताना नवरी-नवरदेवाला "थांबा जरा" म्हणायची पाळी संपली.

या ठिकाणी माझे मत स्पष्ट मांडतो. त्या काळात खराब झालेल्या रोलांचे खापर फोटोग्राफरच्या अडाणीपणावर फोडण्याची रीत आहे. मला ते मान्य नाही. ज्याने वीस वर्षे पुढे फिरवून झाकण उघडले, त्याने तेच पुन्हा केले, तर तो अडाणी कसा? त्याचे हात शिकलेलेच होते, फक्त वेगळ्या यंत्रावर शिकलेले. नव्या कॅमेऱ्याबरोबरची पुस्तिका इंग्रजी, जपानी किंवा रशियन. विकणारा मुंबईचा किंवा नागपूरचा. आणि गावात दुसऱ्याला विचारावे तर तोही आग्फावाला.

यंत्राने फसवण्याच्या जागाही मोजक्याच होत्या, पण अगदी वर्मी. के १००० किंवा एफएम १० सारख्या कॅमेऱ्यात डाव्या हाताला वर एक छोटी घडीची दांडी असते. तिने फिल्म उलटी गुंडाळायची. आणि तीच मूठ वर ओढली की कॅमेऱ्याचे पाठचे झाकण उघडते! एकाच मुठीला दोन कामे. दांडी नीट पकडात यावी म्हणून घाईत जरा वर खेचली, की 'टक्' असा आवाज येतो, आणि त्या आवाजानंतर करण्यासारखे काही राहत नाही. दुसरी जागा कॅमेऱ्याच्या तळाशी. तिथे एक बारीक बटण असते. ते दाबल्याशिवाय दातांचे चाक मोकळे होत नाही. हे चाक एरवी फिल्मला फक्त पुढे जाऊ देते. बटण न दाबता दांडी फिरवली तर ती जड लागते. जड लागते म्हणून माणूस जोर लावतो. जोर लावला की दात फिल्मची भोके फाडतात, भोकांचे कातरण शटरमध्ये जाऊन बसते, आणि एका रोलबरोबर कॅमेराही दुरुस्तीला जातो. बटण एकदा दाबले की बहुतेक कॅमेऱ्यांत ते आतच राहते. पण मध्येच सवयीने पुढची कळ ओढली तर ते पुन्हा वर येते आणि चाक पुन्हा घट्ट. अर्धा रोल परत गेलेला, अर्धा बाहेर, आणि दांडी हलत नाही. अडकला म्हणतात तो असा.

तिसरा प्रकार लोभाचा. छत्तिसाच्या रोलवर सदतीस, कधी अडतीस फोटो निघतात, हे प्रत्येक स्टुडिओवाल्याला माहीत असे आणि त्याचा हिशेबही तो धरत असे. कळ अर्ध्यावर अडली म्हणजे फिल्म संपली, इतकाच तिचा अर्थ. पण समोर कन्यादान चालले असताना ती कळ ढकलून पुरी करण्याचा मोह होतोच. फिल्मचे शेवटचे टोक डबीतल्या दांड्याला नुसत्या चिकटपट्टीने लावलेले असते. ते सुटते. आता दांडी उलटी फिरवली तर ती हलकी, अगदी मोकळी फिरते, आणि फिल्म जागची हलत नाही. अनुभवी माणूस त्या हलकेपणावरून ओळखतो. नवखा समजतो की गुंडाळून झाले, आणि उघडतो. इथे वऱ्हाडातल्या काटकसरीने भर घातली, असे म्हटले पाहिजे. तयार रोल महाग, म्हणून मोठ्या डब्यातली शंभर फुटी फिल्म आणून अंधारात हाताने जुन्या डब्यांत भरण्याची पद्धत देशभर होती. सिनेमावाल्यांकडची उरलेली तुकड्यांची फिल्मही याच कामी येई. एकच डबी दहादा भरली की तिची मखमल झिजते, तिच्यात धूळ बसते, टोपण सैल होते. कापसाच्या तंतूंनी आणि काळ्या मातीच्या धुळीने भरलेल्या मुलखात ती धूळ कसली असेल ते सांगायला नको. मखमलीत अडकलेला एक कण पूर्ण रोलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सरळ रेघ ओढतो. फोटोत ती रेघ नवरीच्या गालावरून जाते.

आणि चौथा, सगळ्यांत क्रूर. फिल्मची जीभ पलीकडच्या फिरकीत नीट अडकलीच नाही. कळ ओढली जाते, आकडा पुढे जातो, शटर वाजते, फ्लॅश पडतो. लग्न लागते, जेवणे होतात, वरात निघते. फिल्म आपल्या डबीत आहे तशीच. याला उपाय अगदी साधा होता : भरल्यावर डावीकडच्या दांडीने फिल्म जराशी ताणून घ्यायची आणि मग पुढची कळ ओढताना ती दांडी आपोआप उलटी फिरते का तेवढे बघायचे. फिरली तर फिल्म चालते आहे. कारागीर लोक शिकाऊ पोराला पहिल्याच दिवशी हेच सांगत : "आकड्याकडे पाहू नको, दांडीकडे पाहा."

अडकलेला रोल सोडवण्याची रीतही एकच होती, आणि ती धीराची होती. उजेडात काही करायचे नाही. स्टुडिओत अंधारी खोली असे. लग्नाच्या मांडवात नसे. तिथे बाह्या असलेली दुहेरी काळी पिशवी उपयोगी पडे, आणि तीही नसेल तर जाड कोट उलटा घालून किंवा गोधड्या-रजयांच्या ढिगात हात कोपरापर्यंत खुपसून, आतल्या आत झाकण उघडायचे, चाचपडत फिल्म हळूहळू फिरकीवरून सोडवायची आणि डबीत किंवा रिकाम्या काळ्या डब्यात घालायची. हे ऐकायला सोपे आहे. वऱ्हाडातली लग्ने मात्र उन्हाळ्यात, आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. त्या उकाड्यात गोधडीखालच्या हातांना सुटणारा घाम फिल्मच्या सरसावर लागला की बोटांचे ठसे कायमचे उमटतात. सरस म्हणजे जिलेटिन. फिल्मवरची चांदीची संयुगे त्यातच बसवलेली. ते ओलाव्याने फुगते आणि उष्णतेने मऊ पडते. धुण्याच्या रसायनाचे तापमान २० अंशांच्या आसपास हवे. इथे नळाचे पाणीच त्याहून कितीतरी गरम. म्हणून उन्हाळ्यात अंधाऱ्या खोलीत बर्फाची लादी लागे, आणि रोल सोडवला तरी धुताना गमावण्याची भीती उरेच.

कोरड्या हवेचा एक विचित्र खेळ आहे. हिवाळ्याच्या कोरड्या सकाळी किंवा उन्हाळ्यात दांडी घाईने गरागरा फिरवली तर फिल्मच्या घासण्याने स्थिर वीज तयार होते आणि आत, अंधारात, बारीक ठिणग्या पडतात. धुतल्यावर निगेटिव्हवर फांद्या फुटलेल्या विजेसारखी नक्षी दिसते. फिल्मने स्वतःचाच फोटो काढला, असे म्हणता येईल. उपाय काय, तर सावकाश फिरवणे. पण बाहेर वरात दारात आलेली असते.

आता या सगळ्याचा इतिहासाशी संबंध. कागदपत्र वाचणारा संशोधक शाई, कागद, दुमड, वाळवी, सगळ्याचा अर्थ लावतो. निगेटिव्हकडे मात्र आपण फक्त तिच्यातल्या चित्रापुरते पाहतो. चित्र नसेल तर ती फेकतो. वास्तविक बिघडलेली निगेटिव्ह आपण कशी बिघडलो ते स्वतः सांगते. एखाद्या लग्नाचा काळा-पांढरा रोल हाती आला असे समजा. पट्टी आरपार स्वच्छ, पारदर्शक आहे, काठावर फिल्मचे नाव आणि अंक तेवढे उमटलेले : तर फिल्म हललीच नव्हती, जीभ सुटली होती. कोणी फोटो 'काढला' याला अर्थ नाही. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत ठार काळी : तर ती सगळी बाहेर, उजेडात आली होती. पण बहुतेकदा काळेपणा अर्धवट असतो, आणि तिथेच खरी गंमत आहे. फिरकीवर पहिले फोटो सर्वांत आत असतात, शेवटचे सर्वांत बाहेर. गुंडाळायच्या आधीच झाकण उघडले असेल तर बाहेरचे वेढे, म्हणजे शेवटचे फोटो जळतात आणि आतले पहिले वाचतात. म्हणजे हळद वाचते, मंगलाष्टके जातात. उलट, अर्धे गुंडाळून झाल्यावर 'संपले' समजून उघडले असेल, तर शेवटचे फोटो आधीच डबीत सुखरूप गेलेले असतात. काळेपणा मधल्या किंवा सुरुवातीच्या चौकटींवर पडतो. पहिल्या प्रकारात हाताला आग्फाची जुनी सवय होती, दुसऱ्यात त्याला नवी कृती ठाऊक होती पण तिचा शेवट ओळखता येत नव्हता. एकाच गावातल्या, काही वर्षांच्या अंतराने काढलेल्या रोलांवर हा फरक दिसला, तर त्या गावात नवे तंत्र कसे मुरले याचा तो पुरावा आहे. दुसऱ्या कुठल्याही कागदावर तो मिळणार नाही.

तसेच भोकांचे. शेवटच्या चौकटींजवळची भोके फाटलेली आणि त्या चौकटीत दोन-तीन चित्रे एकमेकांवर चढलेली असतील, तर कळ जबरदस्तीने ढकलली होती, आणि त्या वेळी समोर जे चालले होते ते सोडण्यासारखे नव्हते. अशा चौकटीत वरमाला, हात आणि कुणाचा तरी फेटा यांचा गुंता असतो. घरचे लोक तिला 'बिघडलेला फोटो' म्हणतात. मला ती त्या दिवसाची सर्वांत प्रामाणिक नोंद वाटते.

हे सगळे वाचायला निगेटिव्ह हाती पाहिजे, आणि तीच वेगाने नाहीशी होते आहे. पस्तीस मिलिमीटरच्या रंगीत रोलाबरोबर कलर लॅब आल्या, मग मोटर लावलेले कॅमेरे आले. ते शेवटचा फोटो होताच घरघर करत रोल आपणच डबीत ओढून घेत, आणि बोटांचे हे सगळे शहाणपण एका पिढीत निरुपयोगी झाले. त्यानंतर डिजिटल. निकॉनने २००६ मध्ये बहुतेक फिल्म-कॅमेरे बंद केले, कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला, उटीचा कारखाना बंद पडला. अमरावती-अकोल्यातले जुने स्टुडिओ मोबाइलची दुकाने झाले किंवा पासपोर्ट फोटोपुरते उरले. त्यांच्या माळ्यावरच्या निगेटिव्हांचे काय? काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हमध्ये चांदी असते, म्हणून त्या किलोच्या भावाने घेणारे होते. काचेच्या प्लेटा खरवडून काच म्हणून वापरल्या जात. जे यातून वाचले ते पत्र्याखालच्या उकाड्यात आहे. अॅसिटेटची फिल्म उष्णतेने आणि ओलाव्याने आंबते, तिला व्हिनेगरचा उग्र वास येतो, ती आक्रसते आणि वेडीवाकडी होते. डबा उघडताच तो वास आला तर त्या पट्ट्या बाकीच्यांपासून वेगळ्या काढाव्या लागतात, कारण एकीचा आंबा दुसरीला लागतो.

वऱ्हाडातल्या विद्यापीठांनी, वाचनालयांनी हस्तलिखिते आणि पोथ्या जमवल्या, ते मोलाचे काम आहे. 'मातृभूमी', 'हिंदुस्थान', 'देशोन्नती' यांचे जुने अंक कुणी ना कुणी जपून ठेवतो. स्टुडिओच्या निगेटिव्ह कुणाच्याच यादीत नाहीत. कुणी जमवायला घेतल्याच, तर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळावी लागेल. धुतलेला रोल सहा-सहा चौकटींच्या पट्ट्यांत कापून अर्धपारदर्शक कागदाच्या पाकिटात घालायची रीत होती. छत्तिसाच्या रोलच्या सहा पट्ट्या. काळी पडलेली पट्टी बहुतेक दुकानदार गिऱ्हाइकाला देतच नसत, तिचे पैसे कोण मागणार? ती टोपलीत जाई. म्हणून पाकीट उघडल्यावर आधी चित्रे पाहू नयेत. पट्ट्या मोजाव्यात, आणि काठावरचे अंक क्रमाने लावून पाहावेत. १ ते २४ सलग आणि त्यानंतर थेट ३१ ते ३६ असतील, तर हरवलेली पट्टी मधली आहे : २५ ते ३०. मग अल्बममध्ये त्या जागी काय नाही, ते पाहायचे.